बोंडाला बांधलेली चिंधी

बसा गुरुजी. त्या दगडावर नका, तापलाय तो. इथं सावलीला या. लिलीचं रोप पाहिजे म्हणालात ना? देतो. पैसे मी घेत नाही, पण माझी एक गोष्ट ऐकावी लागंल, आन् पुरी ऐकावी लागंल. मधेच घड्याळ बघितलंत तर रोप बी नाही आन् चहा बी नाही. आजवर बायको सोडून कुणाला सांगितलेली नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते शेवटाला कळंल.

तर अकरा वर्षांमागं, सकाळचे साडेसहा वाजले असतील. चैत्र अर्ध्यावर आलेला. मी त्या समोरच्या भिंतीच्या आडोशाला उकिडवा बसलेलो. हातात काटे काढायचा चिमटा, चिमट्यात लाल फुलाचा एक केसर, त्याच्या टोकाला पिवळी पूड. पुढ्यात साय. म्हणजे सायीच्या रंगाची लिली, नुकती उघडलेली. ह्या लिलीचं फूल एका दिवसाचं असतं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मान टाकतं, दुसऱ्या दिवशी नुसता चोथा. जे काय करायचं ते ऊन चढायच्या आत. मी श्वास धरला, ती पूड फुलाच्या मधल्या लांब काडीच्या टोकाला टेकवली, आन् खिशातला लाल दोरा काढून फुलाच्या देठाला सैल बांधला.

मागं गिरजा उभी होती, माझी बायको. म्हणाली, "लागलं का लगीन?"

"लागलं. आता नांदती का बघू."

"पाच वर्षं तेच ऐकतीय. तुमच्या घरात कुणी नांदत नाही. मी तेवढी अडकले."

तिचं खोटं नव्हतं. पाच वर्षं सायीला मी दर उन्हाळ्यात पूड लावत होतो आन् दरसाल आठ दिवसांत बोंड पिवळं पडून गळत होतं.

माझं शिक्षण तिसरी, गुरुजी. नगरपालिकेत वॉलमन होतो. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते माझ्या हातात. माझ्या छातीएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, पहाटे निघायचं, रस्त्यातल्या चेंबरात ती घालून फिरवायची. लोक मला नावानं ओळखत नव्हते, चावीनं ओळखायचे. 'पाणीवाला आला का', एवढंच.

लिलीचा नाद लावला सेलूकर सरांनी. कॉलेजात झाडांचा विषय शिकवायचे. नळाला पाणी येईना म्हणून मला बोलावलं, आन् नळ सोडून मी त्यांच्या बागेतच अडकलो. निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडं गेले तेव्हा मला दोन डबे देऊन गेले. एकात साय, एकात गडद लाल. सांगितलं, ह्या दोघांचं बी धरून बघ लिंबाजी, सायीच्या रंगाचं फूल आन् गळ्यापाशी लाल डोळा, असं काहीतरी येईल. मग म्हणाले, "बियातून जे फूल येतं ना, ते जगात आधी कुणीच बघितलेलं नसतं. जो करतो, तो त्याला नाव देतो."

हे डोक्यात बसलं माझ्या. माझं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं हो. पालिकेच्या हजेरीपटावर तेवढं होतं, ते बी चुकीचं. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापली नव्हती. आन् हा माणूस म्हणतो, एका फुलाला तू नाव ठेवशील.

सर देठाला चिठ्ठ्या बांधायचे, बारीक अक्षरात त्या बियाचे आईबाप लिहून. माझं अक्षर चिठ्ठीत मावत नाही. म्हणून मी दोरा बांधायचो. लाल दोरा म्हणजे बाप लाल, पिवळा म्हणजे बाप पिवळा. त्या दोऱ्यानंच पुढं सगळं केलं.

त्या साली पाणी बाराव्या दिवशी यायचं. तलावात नुसता चिखल. वाफ्यात माझी साठ-सत्तर रोपं होती, ती मी हातानं सोडून दिली. पानं सुतळीसारखी वाळली. फक्त ते सरांचे दोन डबे भिंतीच्या सावलीला ओढून ठेवले. आन् बघा कसं असतं, त्याच साली बोंड धरलं. फूल गळालं, चौथ्या दिवशी देठाशी ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा मणी. आठ दिवस गेले, गळाला नाही. हरभऱ्याएवढा झाला. बोंड पिकायला पन्नास दिवस लागतात. मी भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ मारायला लागलो.

आता पाण्याचं सांगतो. इथनं पुढं मला जरा जड जातं.

टेकडीची लाईन आमच्या घरामागनं जाती. तुम्ही आता जिथं खोली घेतलीय, तिथं वर. त्या लाईनीला आमच्या परसाच्या भिंतीला लागून एक तोटी होती, गाळ काढायची. बारा दिवस लाईन रिकामी राहिली की पहिलं पाणी गढूळ येतं, म्हणून टेकडीला सोडायच्या आधी ती तोटी दोन मिनिटं उघडायची, गाळ गेला की बंद करायची. ते माझंच काम. मी ती दोन मिनिटांची दहा करायला लागलो. भिंतीवरनं पाईप टाकला, आत दोन टिपाडं भरून घेतली, वर गोणपाट टाकलं. पहाटे पाचला कोण बघतंय. आन् कुणी विचारलं तर गाळाचं पाणी आहे म्हणायचं.

एकदा गिरजानं गोणपाट उचलून टिपाडात बघितलं. तळ दिसत होता. म्हणाली, "गाळ बरा निवळलाय तुमचा." बस. पण त्या टिपाडातला तांब्याभर बी तिनं कधी घरात घेतला नाही. डोक्यावर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची.

टेकडी म्हणजे लाईनीचं शेवटचं टोक. पाणी मुळातच दमून पोचायचं. त्यात माझी दहा मिनिटं गेली की वरच्या चार-पाच घरांना नळातनं नुसती हवा. फुस्स करायचा नळ आन् गप. लोक मला रस्त्यात धरायचे. मी सांगायचो, लाईन जुनी आहे, चोंदलीय, साहेबाला कळवलंय. साहेबाला मी काहीच कळवलं नव्हतं.

रेघा पंधरा-सोळा झाल्या असतील तेव्हाची गोष्ट. सकाळी उठून बघतो तर सायीच्या दांड्याला माझ्या लाल दोऱ्याच्या खाली एक हिरवा दोरा. मी तर बांधलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी दोन, पुडीला गुंडाळतात तसले पांढरे. म्हटलं हे काय. चौकशी केली तर शेजारची वच्छला लाजत म्हणाली, गावात सगळं करपलं आन् तुमचं एवढंच झाड हिरवं, त्याला नवसाचा दोरा बांधलेला, तर आम्ही बी बांधला भाऊजी, माझ्या भावाच्या नोकरीचं अडलंय.

आता काय करावं सांगा. नवसाचा नाही बाई, ती माझी खूण आहे, एवढं मी म्हणालो. तिनं मान डोलावली, म्हणजे तिला वाटलं नवस उघड बोलायचा नसतो म्हणून मी झाकतोय. मग ती विचारती, "मग हिरवं कसं राहिलं?"

पाण्यानं राहिलं म्हणावं, तर पुढचा प्रश्न कुठलं पाणी. मी म्हणालो, देवाची कृपा.

झालं मग. दिवसाआड कुणी ना कुणी कुंपणाशी. कुणाचं पोर बोलत नव्हतं, कुणाची म्हैस गाभण राहत नव्हती. लोक हळद वाहायला लागले. मी मातीवरनं हळद खरवडून काढायचो आन् गिरजा ओट्यावर बसून तांदूळ निवडत म्हणायची, एक घंटा बांधा आता, आरतीची सोय होईल.

रेघ तिसावी. उन्हं उतरली होती. दारात एक बाई उभी. मी ओळखली. टेकडीवरची अनसाबाई, अगदी शेवटच्या घराची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, सासूला घेऊन राहायची. घरोघर शेवया करून द्यायची. मला वाटलं, पाण्यावरनं भांडायला आली. मी चोंदलेल्या लाईनीचं तोंडात तयार ठेवलं. पण ती भांडली नाही. चपला दाराबाहेर काढून आत आली, देवळात यावं तशी. हातात एक चिंधी होती, हिरव्या लुगड्याच्या काठाची.

म्हणाली, "सासूच्या लुगड्याची हाय. झाडाला बांधायची हुती."

"बांधा की."

"माझ्या हातानं न्हाई. माझं कपाळ असं. नवसाला माझा हात लागला तर लागू व्हईल का न्हाई, कुणी सांगावं. तुम्ही बांधा, दादा."

मी म्हणालो, असलं काही नसतं, बांधा तुम्हीच. ती ऐकंना. चिंधी पुढं धरून तशीच उभी राहिली. मग सांगायला लागली. सासू चार महिने अंथरुणाला खिळलेली. सगळं जागेवर. पाठीला जखमा पडल्यात, रोज पुसून काढलं तर बऱ्या होतात म्हणं, पण पुसायचं कशानं. टँकरवाला टेकडी चढत नाही. खालनं एक घागर चढवून न्यावी तर त्यात प्यायचं, रांधायचं, आन् उरलं तर म्हातारीला फडकं ओलं करायचं. तीन पाळ्या झाल्या, नळाला थेंब नाही.

"दुसरं काय मागत न्हाई मी," ती म्हणाली. "नळाला पाणी यावं. म्हातारीला एकदा धड आंघोळ घालावी. एवढंच म्हणून बांधा."

गुरुजी, जगात जर कुणी एक माणूस तिच्या नळाला पाणी आणू शकत होता तर तो मी. आन् ती माझ्यापुढं हात जोडून उभी, झाडाकडं तोंड करून.

मी चिंधी घेतली. गाठ मारली. बोंडाच्या अगदी खाली मारली, कारण दांड्यावर दुसरीकडं जागाच उरली नव्हती. तिनं झाडाला नमस्कार केला, मला केला, चपला घातल्या आन् टेकडी चढायला लागली.

तुम्हाला वाटलं असंल, की मग मी सुधारलो. तसं झालं असतं तर ही गोष्ट मी कधीच गावभर सांगितली असती.

सहा दिवसांनी पाळी आली. पहाटे चावी घेतली. ठरवूनच गेलो होतो, दोन मिनिटं, वर एक सेकंद नाही. तोटी उघडली. गढूळ आलं, निवळलं. हात तोटीवर ठेवला. पाईप भिंतीपलीकडं टिपाडात पडत होता, त्याचा आवाज येत होता. मनात म्हणालो, छत्तीस रेघा झाल्या, चौदाच राहिल्या. ही एवढी एक पाळी. पुढच्या पाळीला टेकडीला सगळं देऊ, दहाच्या जागी वीस मिनिटं जास्तीची देऊ. म्हातारी चार महिने पडून आहे, आणखी बारा दिवसांनी काय होतंय. असं सगळं मी म्हणालो, आन् टिपाडं काठोकाठ भरली तेव्हाच हात फिरवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळीच, मी सायीच्या डब्यात तांब्यानं पाणी घालत होतो. बोंड तेव्हा लिंबोळीएवढं, त्रिकोणी, टच्च. दारातनं आवाज आला. अनसाबाई. काखेत दोन्हीकडं दोन रिकाम्या कळशा. डोळे कोरडे.

"म्हातारी गेली," म्हणाली. "पहाटं. शेजारणीला बसवून आले. आंघोळ घालायला पाणी न्हाई, दादा. तशीच कशी न्यायची तिला."

माझ्या हातात तांब्या होता. तो भरलेला होता आन् मी तो झाडात ओतत होतो. तिनं तांब्याकडं बघितलं, डब्यातल्या ओल्या मातीकडं बघितलं.

मी तिच्या काखेतल्या कळशा घेतल्या. परसाच्या भिंतीपाशी गेलो, गोणपाट काढलं, कळशी टिपाडात बुडवली. भरल्या टिपाडात कळशी बुडवली की कसा आवाज होतो, माहितीय का? पोटातनं येतो तो, खोल. त्या उन्हाळ्यात तो आवाज गावात कुठंच नव्हता. ती चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलाच असणार.

दोन कळशा मी घेतल्या, एक हंडा गिरजानं डोक्यावर घेतला, आन् आम्ही टेकडी चढलो. चाळीस वर्षं ह्या गावात काढली, पण पाणी घेऊन टेकडी मी पहिल्यांदाच चढत होतो. अर्ध्यात मांड्या भरून आल्या. अनसाबाई पुढं चालली होती, मागं वळून म्हणाली, हळू या दादा, पुढं वाट मोडलीय, पाणी हिंदकळंल.

तिच्या अंगणात नळ. नळाच्या तोंडाला पाणी गाळायला फडकं बांधलेलं, ते वाळून पापडासारखं कडक झालेलं. खाली एक पितळी घागर, आतनं घासून लखलखीत, पालथी नाही, उताणी. नळाखाली बरोबर मधोमध. पाळीच्या दिवशी ठेवली असंल, मग तिनं ती उचललीच नव्हती. आत बघितलं तर तळाला धूळ, आन् धुळीवर मुंग्या.

बायकांनी आत म्हातारीला आंघोळ घातली. मी बाहेर बसलो होतो. पाणी अंगावर ओतल्याचा आवाज येत होता आन् शेजारीण म्हणत होती, पाठ बघ ग कशी झाली. मी उठून रस्त्यावर गेलो.

म्हातारीला नेऊन आलो, तिरडीला खांदा दिला मी बी. निघताना अनसाबाई ओट्यावर बसलेली. मला बघून पदर सारखा केला आन् म्हणाली, "चिंधी लागू झाली बघा, दादा. धड आंघोळ घालावी म्हणलं हुतं, घातली. तुमच्याच हातानं आलं पाणी."

तिला कळलं होतं म्हणून ती तसं म्हणाली, का खरंच भोळ्या मनानं म्हणाली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी तिच्या डोळ्यांत बघितलंच नाही, कळणार कसं.

घरी आलो तर गिरजा चुलीपुढं. मी जेवायला बसलो नाही. ती म्हणाली, "तुम्ही तिला सांगणार, का मी सांगू?" मी म्हणालो, मीच सांगतो. त्या वेळेला खरंच वाटलं होतं, की सांगीन.

पुढच्या पाळीला मी तोटी दोन मिनिटं उघडली आन् बंद केली. पाईप आदल्या दिवशीच कापून टाकला होता. टेकडीला पाणी चढलं. खालपर्यंत आवाज आला, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. आन् काय झालं सांगू? दुसऱ्या दिवशी सगळी टेकडी माझ्या दारात, नारळ घेऊन. अनसाबाईच्या चिंधीनं पाणी आणलं म्हणून. मी घरात बसून राहिलो, गिरजानं त्यांना परत लावलं.

टिपाडं आटली. गिरजा भांडी विसळलेलं पाणी त्या डब्यात टाकायची, मी सांगितलं नव्हतं तरी. बावन्नाव्या रेघेला बोंड तडकलं. आत तीन बिया. काळ्या, मिऱ्याएवढ्या, चकचकीत. दोन उगवल्याच नाहीत. एक उगवली. तिला फूल यायला तिसरा उन्हाळा लागला, आन् तुम्ही काल कुंपणावरनं बघितलंत ते तेच. सायीचा रंग, गळ्याशी लाल डोळा. सर म्हणाले होते तंतोतंत तसं. त्यांना फोन लावला, तर लेकानं उचलला. सर आधीच्याच पावसाळ्यात गेले होते.

नाव विचारलंत तुम्ही मघाशी. नाही ठेवलेलं. अकरा वर्षं झाली ह्या झाडाला. एका रोपाची आता वीस झालीत, किती जण मागून गेले, मी कुणाला दिलं नाही. नाव तोंडात येतं, पण आधी ते दुसरं सांगून झाल्याबिगर हे कसं सांगायचं?

अनसाबाई आहे अजून. तुमच्या खोलीच्या पलीकडंच. रोज बघत असाल तुम्ही तिला, ओट्यावर बसून शेवया वळती, डोळ्यानं कमी दिसतं तरी. दरसाल चैत्रात खाली येती, चपला बाहेर काढती, ह्या झाडाला हळदकुंकू वाहती, मला "बरं हाय का दादा" विचारती आन् जाती. मी तीनदा टेकडी चढलोय तिला सांगायला. एकदा दारापर्यंत गेलो. ती आत गाणं म्हणत होती, नळ चालू होता. मी वळलो.

गिरजा गेल्या साली गेली. जाताना बी तिनं तेच विचारलं.

तर रोप तुमचं, हे घ्या. मुळाला माती आहे, हलवू नका. हे दुसरं तिचं, तिच्या नळाच्या सांडपाण्यावर लावायचं. आन् ही चिंधी, हिरवा रंग उडालाय, पण तिला ओळखू येईल.

तुम्ही काही बोलायचं नाही, गुरुजी. बोलीन मीच. तुम्ही फक्त माझ्याबरोबर वर चला, आन् मी आत गेलो की तिच्या दारात उभं राहा. आडवे उभे राहा, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एवढं करा.

थांबा, चपला घालतो.